एका कंप्युटरचे चार

सोमवारी तपासणीचे साहेब येणार होते आणि मंगळवारी डी.एड.ला हजर व्हायची शेवटची तारीख होती. ह्या दोन दिवसांच्या मधी माझं सगळं अडकलेलं. सोमवारी चारही पडदे चालले तर आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटला कंप्युटर क्लासची मंजुरी मिळणार, आणि शिकवायला मी. न्हाई चालले तर मंगळवारी आण्णांसोबत, म्हणजे माझ्या वडलांसोबत, अंबाजोगाईची एसटी, दोन वर्षं फळा-खडू, आणि मग जिल्हा परिषदेची शाळा, जिथं टाकतील तिथं. डी.एड.ला नंबर लागला म्हणून आण्णांनी सोनपेठात पेढेबी वाटले होते. मी पेढा खाल्ला, पण डोक्यात कंप्युटरच.

तसं बघितलं तर तपासणी आधीच व्हायची होती. पण नामांतरावरून एकदा परभणी बंद, दुसऱ्यांदा एसट्याच सुटल्या न्हाईत, असं दोनदा पुढं गेलं आणि नेमकं डी.एड.च्या आदल्या दिवसावर येऊन बसलं.

थांबा, आधी मशीनचं सांगते, न्हाईतर काहीच कळणार न्हाई.

परभणीला मावशीकडं राहून मी टायपिंग केलं. इंग्रजी साठ, मराठी चाळीस. मग सरांनी मला तिथंच ठेवून घेतलं, नव्या पोरींना बोटं शिकवायला. सर म्हणजे इन्स्टिट्यूटचे मालक. पत्र्याची लांब खोली, त्यात वीस टाइपरायटर, आणि सरांच्या टेबलावर पितळी बेल. त्यांना कंप्युटर क्लास काढायचा होता, पण मंजुरीला चार कंप्युटर पाहिजेत, आणि चार कुठून आणणार. मी सुट्टीत हैदराबादला मामाकडं गेले तर मामाच्या ऑफिसात एक नवलच पाहिलं. डबा एक, त्याला चार पडदे, चार कीबोर्ड. चार माणसं चार वेगळी कामं करायलेत आणि प्रत्येकाला वाटतंय सगळा कंप्युटर आपलाच. एकाचा अडकला तर बाकीच्या तिघांना पत्ताच न्हाई. मी जेवायचं सोडून तिथं उभी. मामा म्हणाला, ऑफिस नवं घेणार आहे, हे जुनं काढणार आहे.

परभणीत उतरल्या उतरल्या सरांच्या मागं लागले. "सर, चार कामून घ्यायचे? एकाचेच चार करू."

"एकाचे चार करायला ती काय भाकरी आहे?"

"होतात सर. मी डोळ्यानं पाहून आले."

"आणि इथं कोण करणार?"

"मी."

आता हे 'मी' तोंडातून कसं निघालं ते मला विचारू नका. पण सरांनी ऐकलं. माझ्या शब्दावर त्यांनी ते जुनं मशीन रेल्वेनं मागवलं. लाकडी खोक्यात, पेंढ्यात गुंडाळून आलं. छोट्या कपाटाएवढं, आणि जड असं की हमालानं विचारलं, आत विहिरीची मोटर हाय का. सोबत चार पडदे, एक प्रिंटर, जाड वायरी, आणि एकाचे चार करणारं ते सॉफ्टवेअर सहा फ्लॉप्यांवर. त्याचं इंग्रजी पुस्तक मात्र मामाला आठ दिवसांत परत करायचं होतं. झेरॉक्सवाल्याचं मशीन बंद. मग काय, मी पुस्तकच टाईप करून काढलं. सव्वाशे पानं, कार्बन लावून. अर्धं समजलं न्हाई पण बोटांना सगळं पाठ झालं.

तर शनिवारच्या आधीचे चार दिवस. पहिल्या दिवशी मशीन चालू केलं आणि ते स्वतःची मेमरी मोजायला लागलं. पडद्यावर आकडे भराभर पळाले आणि अर्ध्यातच थांबले. म्हणजे चौघांना पुरेल एवढी मेमरीच न्हाई. मिस्त्री चाचांना बोलावलं. चाचा म्हणजे सरांच्या टाइपरायटरचे जुने मिस्त्री, पहिल्या मशीनपासूनचे. त्यांनी झाकण काढून आत पाहिलं, प्रवासात हादरे बसून काळे चिप आपल्या खाचेतून जरा वर आले होते. चाचांनी अंगठ्यानं एकेक दाबला. कट्, कट्, कट्. परत चालू केलं, आकडे शेवटपर्यंत पळाले.

दुसऱ्या दिवशी चौथी फ्लॉपी वाचंना. तीन फ्लॉप्या गपगुमान जायच्या आणि चौथीला घरघर. चाचांनी खिशातून तेलाची कुपी काढली.

"चाचा, तेल न्हाई."

"बगैर तेल के कोनसी मशीन चलती बेटी?"

"ही चालते."

"हौ, दिख रा. कैसी चल री."

कुपी त्यांच्या हातातून काढूनच घेतली मी. कापसाला स्पिरिट लावून फ्लॉपी जाते ती खाच आतून पुसली, कापूस काळा झाला, आणि चौथी वाचली. वर आणखी एक, मशीनच्या आतली बॅटरी मेलेली. लाईट गेली की ते सगळं विसरायचं, मेमरी किती, डिस्क कोणती, तारीख काय. दर वेळी पहिल्यापासून भरायचं. मी ते आकडे कागदावर लिहून भिंतीला लावले आणि भरता भरता असा हात बसला की मिनिटाच्या आत भरून मोकळी. पोरी म्हणायच्या, तुझी बोटं दिसतच न्हाईत.

शनिवारी दुपारी सगळ्या सहा फ्लॉप्या गेल्या. मी एक नंबरचा पडदा चालू केला. चालला. उठून दोनवर गेले. चालला. तीन. चार. चारही. मी खोलीभर पळाले, मावशीकडं पळाले, समोरच्या पानवाल्याला सांगितलं, त्याला काही विचारलंबी नव्हतं.

संध्याकाळी सर आले. "दाखव."

इथं आमच्याकडची पद्धत सांगायला पाहिजे. सरांच्या इन्स्टिट्यूटमधी बेल वाजल्याशिवाय कुणी बटणाला बोट लावायचं न्हाई. वीस पोरी हात मांडीवर ठेवून बसतात, सर बेलवर तळवा मारतात, आणि वीस मशीनी एकदम सुरू. एखादीनं अर्धा सेकंद आधी मारलं तर तिला उठून बाहेर. परीक्षेत असंच असतं, म्हणून रोज असंच. सरांचा तो मानच होता. तर सरांनी चार पोरी चार पडद्यांपुढं बसवल्या, मला बाजूला उभं केलं, आणि बेल वाजवली. चौघींनी एकदम बटण दाबलं.

चारही पडदे थिजले. डब्यावरचा लाल दिवा लागला तो लागलाच, आतून कर्रर्र असा आवाज, आणि पुढं काहीच न्हाई.

परत चालू केलं. परत बेल. परत तेच. तिसऱ्यांदाबी तेच.

"मघाशी चालले होते सर. देवाशप्पथ."

"मघाशीचं साहेब तपासणार नाहीत," सर म्हणले आणि घरी गेले.

ते गेल्यावर मी एकटीनं लावून पाहिलं. चाललं. चारही. आता मला सांगा, माणसाचं डोकं फिरंल का न्हाई.

रविवारी सकाळीच येऊन बसले. एक कागद टाइपरायटरवर चढवला आणि त्यावर रकाने पाडले. वेळ. लाईट कमी का जास्त. पंखा चालू का बंद. खोलीत कोण. आणि चाललं का न्हाई. सकाळपासून एकटीनं सात वेळा लावलं, पंखा चालू ठेवून, बंद ठेवून, खिडकी उघडून, झाकण काढून. सातही वेळा चाललं. कालचे सरांसमोरचे तीन मिळवून दहा ओळी झाल्या. मी कागद वरून खाली वाचला आणि मला एकच फरक दिसला. सर होते, बंद. सर नव्हते, चालू. मी तो फरक खाली टाईपबी केला. सवय आहे, डोक्यात आलं की बोटं चालतात. "निष्कर्ष: सर खोलीत असल्यास मशीन चालत नाही."

आणि चहा प्यायला मावशीकडं गेले. कागद मशीनलाच.

परत आले तर सर कागद वाचायलेत. उभ्यानं, चष्मा कपाळावर. मी दारातच थांबले.

"मराठी चाळीस म्हणजे चांगली आहे हं," सर म्हणले. "चूक एकही नाही."

"सर, ते मी आपलं..."

"नाही, असेल. असतं एखाद्याचं तसं. मी समोर बसतो." आणि खरंच ते गेले. समोर पानवाल्याच्या बाकड्यावर जाऊन बसले, आमच्याकडं पाठ करून. एवढी वर्षं ज्यांनी ती खोली चालवली ते माझ्या एका कागदावरून बाहेर. मला रडायलाच आलं. पण खोटं कशाला सांगू, मनात आलं की आता चाललं तर बरं होईल.

चार पोरी बसवल्या. सर न्हाईत म्हणून त्यातल्या मोठीला सांगितलं, तू बेल वाजव. तिनं वाजवली. चारही पडदे थिजले.

म्हणजे सरांचं काहीच नव्हतं. मी त्यांना फुकट बाहेर बसवलं होतं. खिडकीतून त्यांची पाठ दिसायली होती आणि मला आत बसवंना, बाहेर जाववंना. खोलीत चकरा मारायले. पोरी म्हणायल्या, ताई बसा की, आमालाच गरगरायलंय.

चाचा कोपऱ्यात एका नवीन पोरीचं मशीन दुरुस्त करायले होते. टाइपरायटरवर दोन अक्षरं एकदम दाबली की दोन्ही दांड्या वर येऊन एकमेकीत गुंततात, नव्या पोरींचं रोजचंच. चाचा तिला म्हणायले, "दोनो कू एकदम कायकू बुलाती? दरवाजा एकीच है ना. एक को आने दे, फिर दूसरी."

मी चकरा मारायची थांबले.

एकटी असले की मी काय करायचे? एक पडदा लावायचे, उठायचे, दुसऱ्या खुर्चीवर जायचे. आणि बेल वाजली की चौघी एकदम. डबा एक, आतली डिस्क एक, आणि ती जुनी. एकेकीनं हाक मारली तर ती एकेक पडदा उठवत होती, म्हणजे चालू करत होती. चौघी एकदम अंगावर आल्या की तिला कुणाचंच ऐकायला जमत नव्हतं. पुस्तकातबी हे असणार, मीच टाईप केलेलं, पण तेव्हा मी वाचतच नव्हते, नुसती बोटं चालवत होते. पोरींना बसवलं. तू लाव. तिचं उठलं. आता तू. मग तू. मग तू. चार.

पळत पानवाल्याकडं गेले. "सर, तुमचं काहीच न्हाई. बेलचं आहे."

सरांनी वर पाहिलं. "बेल माझीच आहे ना."

"सर, चुकलं माझं. चला आत."

"आणि उद्या साहेबांसमोर मी काय करू? बेल नाही वाजवायची?"

"वाजवा की. पण आमी चारही आधीच उठवून ठेवतो, एकेक करून. एकदा उठले की मग टाईप करायला काही जड न्हाई. तुमी टाईप करायच्या आधी वाजवा."

सरांनी पान तोंडात ठेवलं आणि बराच वेळ चावलं. "त्या कागदावरचा निष्कर्ष खोड," म्हणले, आणि उठले.

सोमवार. दहाला चारही पडदे उठवून तयार. पोरी तेल लावून, वेण्या घालून बसलेल्या. साहेब साडेअकराला येणार. सव्वाअकराला लाईट गेली.

मी खुर्चीवर बसूनच राहिले. डबा सगळं विसरला होता. साडेअकराला साहेबांची रिक्षा थांबली आणि त्यांनी पायरीवर पाय ठेवला तेव्हा पंखा फिरायला लागला. लाईट आली होती, पण मला आकडे भरायला एक मिनिट आणि चार पडदे उठवायला दोन-दोन मिनिटं पाहिजेत. सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी नऊ बोटं दाखवली.

"या साहेब, आधी चहा घेऊ."

"श्रावणी सोमवार आहे. चहाही नाही घेत मी," साहेब म्हणले. "एकची गाडी पकडायचीय. कंप्युटर कुठायत?"

कंप्युटर लाकडी पार्टिशनच्या मागं होते आणि तिथं मी, घामानं भिजलेली, आकडे भरायले.

"दाखवतो की. साहेब, तुम्ही मूळचे टायपिस्टच ना?" सरांचा आवाज इतका गोड मी कधी ऐकला न्हाई. "बोटांवरून कळतं. किती होतं स्पीड?"

"इंग्रजी पन्नास. आता कुठलं. आता नुसत्या सह्या."

"जाणार नाही ते. बसून बघा. हे माझं सगळ्यात चांगलं मशीन आहे."

"अहो नको."

"पोरींना बघू द्या तरी."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कागद चढवल्याचा आवाज आला. मग सरांनी बेल वाजवली आणि साहेब सुटले. पहिल्यांदा अडखळत, मग जरा बरं, मग असं की मलाबी नवल वाटलं. टपटपटपटप, घंटी, सर्र, परत टपटप. तेवढ्यात माझा एक नंबर उठला. दोन नंबर उठायला लागला. तिकडं साहेब थांबले, माझा जीव वर.

"'जे'ला जड आहे हे," साहेब म्हणले.

"चाचा बघतील. पुढं घ्या साहेब, उतारा राहिलाय."

परत टपटप. तीन उठला. चौथ्याचा लाल दिवा लागून राहिला, मी त्याच्याकडं बघायलाच तयार न्हाई, भिंतीवरच्या कागदाकडं बघत बसले. पलीकडं सरांनी वेळ संपल्याची बेल मारली. आणि चौथा उठला.

साहेब आत आले ते खुशीत. हातात स्वतःचा कागद, त्यावर चुका मोजायलेत. सरांनी पोरींपुढं बेल वाजवली, चौघी टाईप करायला लागल्या, चार पडद्यांवर चार वेगळी पत्रं. साहेबांनी फॉर्म काढला आणि खाली वाकून वायरी पाहिल्या.

"डबा तर एकच आहे."

"काम चार करतोय साहेब," मी म्हणलं.

"मी कामं मोजायला नाही आलो. इथं लिहिलंय, संगणकांची संख्या."

मी गप्प बसणाऱ्यातली न्हाई. दोन नंबरच्या पोरीला उठवलं आणि तिथं मुद्दाम एक चुकीचा हुकूम दिला. पडदा थिजला. बाकीच्या तिघी टाईपच करायल्या, तीन नंबरच्या पोरीनं तर मान वर करून बघितलंसुद्धा न्हाई.

"एकच कंप्युटर असता तर ह्याबी थांबल्या असत्या ना साहेब?"

साहेबांनी तीन नंबरच्या पाठीमागं उभं राहून पुष्कळ वेळ पाहिलं. मग डब्याकडं पाहिलं. परत तीन नंबरकडं. पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. शेवटी लिहिलं आणि सरांना वाचून दाखवलं. "संगणक एक. त्यावर जागा चार, चारही चालू. वरिष्ठांनी योग्य तो निर्णय घ्यावा."

एकची गाडी मिळाली त्यांना.

मंगळवारी सकाळी आण्णा सोनपेठहून पहिल्या गाडीनं आले. हातात माझी ट्रंक, खिशात डी.एड.चं पत्र. अंबाजोगाईची एसटी अकराला. मी त्यांना बसूसुद्धा दिलं न्हाई. चिप सांगितले, फ्लॉपी सांगितली, बेल सांगितली, साहेबांचं स्पीड सांगितलं. आण्णा मधनंमधनं सरांकडं बघायचे आणि सर मान हलवायचे.

"साहेबांनी लिहिलं काय शेवटी?"

मी सांगितलं. आण्णा सोनपेठच्या शाळेत कारकून. ती ओळ ऐकून ते हसले, पण वाईट हसले.

"ही ओळ मी किती येळा लिहिलीय, बाई. कधी सहा महिने लागतात. कधी उत्तरच येत न्हाई."

"म्हाईत आहे."

"आणि डी.एड.ची जागा आज पाचपर्यंत. मग दुसऱ्याला देतेत."

"तेबी म्हाईत आहे."

"भ्याव वाटत न्हाई का तुला?"

"वाटायलंय की आण्णा. पण बघा ना, चारही पडद्यांवरनं एकाच प्रिंटरवर छापायचं तर दोघींची पत्रं एकमेकीत मिसळायलीत. एका ओळीत हिचं, एका ओळीत तिचं. आत्ता कुठं कळायलंय कामून होतंय ते."

आण्णांनी छापलेला कागद घेतला आणि वाचला. एका ओळीत रजेचा अर्ज, पुढच्या ओळीत कापसाचं भावपत्रक. दोनदा वाचला. मग एक नंबरच्या पडद्यापुढं जाऊन उभे राहिले, तिथून दोनवर, तिथून तीनवर. चौथ्याशी थांबले. पोरगी टाईप करायली होती, तिच्या बोटांकडं बघत राहिले.

अकरा वाजले. स्टँड तिथून लांब न्हाई, गाडी निघायचा भोंगा खोलीत ऐकू येतो. तो वाजला. आण्णांनी खिशातलं पत्र चाचपलं, काढलं मात्र न्हाई.

"ट्रंक कुठं ठेवू?" ते म्हणले.

"त्या टेबलाखाली. पण वायरला लागू देऊ नका आण्णा, पडदे बंद पडतील."